फाटकाआतला चित्रकार : टोकियोतील कुमागाई मोरिकाझु कला संग्रहालय

इकेबुकुरोच्या गजबजाटातून भुयारी रेल्वेने एकच स्थानक पुढे गेले की कानामेचो लागते, आणि तिथून दहा मिनिटांच्या आत पायी चालत चिहाया नावाच्या निवासी वस्तीत पोहोचता येते. तोशिमा वॉर्डातल्या या शांत गल्ल्यांमध्ये, राहत्या घरांच्या रांगेत, एक तीन मजली काँक्रीटची इमारत उभी आहे आणि तिच्या बाहेरच्या भिंतीवर मोठाल्या मुंग्या रेखाटलेल्या आहेत. हेच कुमागाई मोरिकाझु कला संग्रहालय. चित्रकार कुमागाई मोरिकाझु (१८८०–१९७७) यांचे घर याच जागी होते. १९३२ मध्ये ते इथे राहायला आले आणि वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, त्यांनी हा पत्ता बदलला नाही. त्यांची दुसरी मुलगी काया, ज्या स्वतः डोंगरदऱ्यांची चित्रे काढणाऱ्या चित्रकार होत्या, त्यांनी १९८५ मध्ये हे संग्रहालय खासगी स्वरूपात सुरू केले, आणि पुढे वडिलांची दीडशेहून अधिक कामे वॉर्डाच्या स्वाधीन केल्यावर २००७ पासून ते तोशिमा वॉर्डाचे संग्रहालय झाले. सर्वसाधारण तिकीट पाचशे येन आहे. या पाचशे येनांत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण चित्रकाराचे घर पाहायला म्हणून येणाऱ्यांची इथे पहिल्याच पावलाला निराशा होण्याची शक्यता आहे.

टोकियोमध्ये चित्रकारांची जपलेली घरे बरीच आहेत. उएनोजवळच्या शिनोबाझु तळ्याकाठी योकोयामा ताइकान यांचे घर बागेसकट पाहता येते. शिंजुकु वॉर्डातल्या ओचिआइ भागात साएकी युझो आणि नाकामुरा त्सुने यांच्या चित्रशाळा एकमेकींपासून फार दूर नाहीत आणि दोन्हींना प्रवेशमूल्य नाही. अशा ठिकाणी माणूस खिडकीचा प्रकाश पाहतो, जमिनीवरचे रंगांचे डाग शोधतो, आणि कलावंताच्या शेजारी क्षणभर उभे राहिल्याचे समाधान घेऊन परततो. कुमागाई यांच्या बाबतीत तर ही अपेक्षा अधिकच रास्त ठरते, कारण जपानी चित्रकारांमध्ये घराशी इतका बांधलेला माणूस क्वचितच सापडेल. १९५६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि त्यानंतर ते घराच्या फाटकाबाहेर जवळजवळ पडले नाहीत. उरलेली वीस वर्षे त्यांच्या चित्रांना लागणारे सगळे साहित्य त्या एका छोट्या, झाडाझुडपांनी गच्च भरलेल्या बागेने पुरवले. पण ते घर आज नाही, आणि ती बागही नाही. जिथे बाग होती तिथे संग्रहालय आहे.

ही उणीव मला सुरुवातीला मोठी वाटली, आता वाटत नाही. नव्याने झाडे लावून, नवे कुंपण घालून जुन्या बागेचा देखावा उभा करणे अशक्य नव्हते. पण कुमागाई ज्या गोष्टी पाहत होते त्या देखाव्यात येणाऱ्या नव्हत्याच. दिवसाचा बराच वेळ ते बागेत चटई टाकून त्यावर आडवे होत आणि हाताचा आधार डोक्याला देऊन मुंग्या, पाकोळ्या, पालापाचोळा आणि दगड यांच्याकडे बघत राहत. मुंगी चालायला सुरुवात करते तेव्हा डावीकडचा दुसरा पाय आधी उचलते, हे त्यांचे निरीक्षण जपानमध्ये सर्वपरिचित आहे. प्राणिशास्त्राच्या कसोटीवर ते कितपत टिकते हा प्रश्न वेगळा, परंतु ते करण्यासाठी किती काळ जमिनीला गाल लावून पडावे लागले असेल याचा अंदाज त्यातून येतो. पत्नी हिदेको यांच्याबरोबर ‘गो’ या पटावरच्या खेळाचा डाव, दुपारची झोप, पाळलेले पक्षी, घरात मुक्तपणे वावरणारी मांजरे, आणि रात्री विजेच्या दिव्याखाली चित्रकाम, असा त्यांचा दिनक्रम वर्षानुवर्षे चालला. यातले काचेच्या कपाटात ठेवता येण्यासारखे फारच थोडे आहे.

तळमजल्यावरच्या दालनात तैलचित्रे आहेत. संग्रहातली चित्रे आळीपाळीने लावली जात असल्याने अमुक एक चित्र अमुक दिवशी दिसेलच असे नाही. तरीही आत शिरताच जी गोष्ट जाणवते ती कोणत्याही दिवशी जाणवेल, आणि ती म्हणजे चित्रांचा आकार. पुस्तकांमध्ये, दिनदर्शिकांवर आणि टपाली कार्डांवर कुमागाई यांची चित्रे इतकी ठसठशीत दिसतात की मूळ चित्र भिंतभर असेल असा समज होतो. प्रत्यक्षात उत्तरायुष्यातली बहुतेक चित्रे जपानी मापातल्या चार क्रमांकाच्या लाकडी फळ्यांवर आहेत, म्हणजे साधारण तेहेतीस सेंटिमीटर लांब आणि चोवीस सेंटिमीटर रुंद. हे माप स्केच-पेटीत बसते, मांडीवर धरता येते, आणि त्यासाठी मोठ्या चित्रशाळेची गरज पडत नाही. छापील प्रतिमांवरून हा चित्रकार ओळखणाऱ्यांनी केवळ या आकाराच्या साक्षात्कारासाठी इथे यावे असे मी म्हणेन. मुंगी मोठी करून काढलेली नाही. बघणाऱ्यालाच खाली वाकायला लावले आहे.

या चित्रांची घडण जवळून पाहण्याजोगी आहे. १९४० च्या दशकापासून कुमागाई यांची जी शैली स्थिरावली तिच्यात वस्तूची बाह्यरेषा तांबूस तपकिरी असते आणि तिच्या आत-बाहेर छटा नसलेले, एकसंध, सपाट रंग भरलेले असतात. लांबून पाहिले तर रेषा रंगांवर ओढली आहे असे वाटते; जवळ गेल्यावर मात्र रंगांचे जाड थर दोन्ही बाजूंनी रेषेपर्यंत आणून थांबवलेले दिसतात आणि त्यांच्या मधोमध रेषा एखाद्या खाचेसारखी उरते. सपाट म्हणून ज्याची ओळख झाली तो पृष्ठभाग असा मुळीच सपाट नाही. कुंचल्याचे फराटे एका ठरावीक दिशेने, दाट आणि सावकाश फिरलेले आहेत, आणि दालनातला उजेड त्यांच्यावर कमीजास्त चमकतो. छपाईत हे सगळे नाहीसे होते. एखाद्या लहान मुलानेही काढले असते अशी या चित्रांबद्दलची प्रतिक्रिया नेहमी कानावर येते, आणि तिच्यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्या माणसाला चित्रापासून हातभर अंतरावर उभे करणे हा उत्तम उपाय आहे.

‘पांढरे मांजर’ (१९५९) हे इथल्या संग्रहातले सर्वाधिक प्रिय चित्र असावे. मोजक्या रेषांमध्ये मांजर आहे आणि बाकी काही नाही, परंतु त्या रेषा कुठे वळतात आणि कुठे संपतात हे पाहिले की मांजराचे वजन, त्याचा आळस आणि हाडांची ठेवण सगळे कळते. त्याच्याशी तुलना करायला ‘एका बाईंचे चित्र’ (१९१८) पाहावे. त्यातल्या बाई म्हणजे पुढे १९२२ मध्ये ज्यांच्याशी कुमागाई यांचे लग्न झाले त्या हिदेको, आणि ते जाड, घुसळलेल्या रंगांत काढलेले, पुरते वेगळ्या वळणाचे काम आहे. टोकियोच्या सरकारी कलाशाळेतून १९०४ मध्ये बाहेर पडलेला, कुरोदा सेइकी यांच्या हाताखाली पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रण शिकलेला हा विद्यार्थी हवे तेव्हा हवे तसे रंगवू शकत होता, हे त्या चित्रावरून निःसंशय सिद्ध होते. मधल्या काळात आई वारल्यावर ते गिफू प्रांतातल्या त्सुकेची या आपल्या गावी परतले, काही वर्षे तिथेच राहिले आणि दोन हिवाळे नदीतून ओंडके वाहून नेण्याच्या कामावर मजुरीही केली. साधेपणा हा त्यांच्या हातून नकळत घडलेला गुण नाही. तिसरे लक्षात ठेवण्याजोगे चित्र ‘आगेहा फुलपाखरू’ (१९७६) हे त्यांचे अखेरचे तैलचित्र; ते काढताना त्यांचे वय शहाण्णव वर्षांचे होते, आणि रेषेत थकवा शोधू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

याच ठिकाणी एक इशारा द्यायला हवा. कुमागाई यांच्या आयुष्यातले दुःख ज्या चित्रांमध्ये सर्वांत उघडपणे आले आहे ती चित्रे इथे नाहीत. त्यांना पाच मुले झाली आणि त्यांपैकी तिघे त्यांच्या हयातीतच गेली. मुलगा यो १९२८ मध्ये अगदी लहानपणी वारला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचे स्मरण उरावे म्हणून त्यांनी कुंचला उचलला, आणि काही वेळाने आपण मुलाला न पाहता चित्र पाहू लागलो आहोत हे ध्यानात येताच शिसारी येऊन थांबवला. ते अपुरे, खरबरीत चित्र कुराशिकीच्या ओहारा संग्रहालयात आहे. थोरली मुलगी मान १९४७ मध्ये एकविसाव्या वर्षी गेली, आणि तिच्या अस्थी घेऊन स्मशानातून परतणाऱ्या कुटुंबाचे, चेहऱ्यांवर डोळे-नाक काहीही नसलेले चित्र पुरे व्हायला बरीच वर्षे लागली. ते गिफूच्या प्रांतिक संग्रहालयात आहे. पावसाच्या थेंबांची आणि मांजरांची आणखी काही नामांकित चित्रे नागोयाच्या संग्राहक किमुरा तेइझो यांच्या संग्रहातून आइची प्रांताच्या संग्रहालयाकडे गेली आहेत. ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तर चिहायातल्या मांजरांना आणि फुलपाखरांना गोंडस म्हणून पुढे सरकणे कठीण जाते, आणि म्हणून ती वाचूनच इथे यावे हे उत्तम. संग्रहालयाच्या विक्रीच्या मांडणीतल्या गोड वस्तूंकडे पाहता, गोंडसपणाचा हा गैरसमज दूर करण्याची घाई कुणालाच नाही असेही वाटते; हे मात्र जगातल्या बहुतेक संग्रहालयांबद्दल म्हणता येईल.

दुसऱ्या मजल्यावर (जपानी मोजणीत तळमजला हाच पहिला) शाईची चित्रे, हस्ताक्षरे आणि रेखाटने आहेत. १९३८ च्या सुमारास एका चित्रकार मित्राच्या सुचवण्यावरून कुमागाई यांनी कागदावर शाईने चित्रे काढायला सुरुवात केली, आणि तोवर कमालीच्या हलाखीत दिवस काढणाऱ्या या घराला त्या चित्रांनी थोडाफार आधार दिला. बेडूक, कोंबडा, गोगलगाय यांच्यासाठी कुंचला जेमतेम चार-पाच वेळा टेकवलेला असतो. हस्ताक्षरांबद्दल मात्र स्पष्टच सांगायचे तर जपानी लिपी न वाचणाऱ्याला निम्मी मजा गमवावी लागते. इतर नामवंत चित्रकारांच्या गंभीर वचनांऐवजी त्यांनी चिमणी, कावळा असले शब्द मुलांच्या पाटीवर लिहावेत तसे लिहिले आहेत, आणि ती थट्टा अर्थ कळल्याखेरीज पोहोचत नाही. तिसरा मजला इतर कलावंतांच्या प्रदर्शनांसाठी भाड्याने दिला जातो. तिथे काय लागलेले असेल हे सांगता येत नाही आणि त्याची अपेक्षा धरूनही जाऊ नये.

सरकारने १९६७ मध्ये देऊ केलेले संस्कृती-सन्मान पदक कुमागाई यांनी नाकारले, कारण ते घेतले असते तर घरी येणाऱ्यांची गर्दी आणखी वाढली असती. १९७२ मध्ये आणखी एक सन्मान आला तोही त्यांनी परत पाठवला. यामुळे त्यांना अरण्यात बसलेल्या ऋषीचे रूप देण्याची प्रथा पडली आहे आणि लांब पांढऱ्या दाढीतल्या छायाचित्रांनी तिला खतपाणी घातले आहे. मला ही प्रतिमा पटत नाही, आणि ती न पटण्याचे कारण संग्रहालयाच्या बाहेर, वस्तीत आहे.

ही वस्ती एकाकी माणसाची कधीच नव्हती. १९३० च्या दशकात नागासाकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात, म्हणजे आजच्या चिहाया, नागासाकी, कानामेचो या परिसरात, भाड्याने देण्यासाठी चित्रशाळांच्या वसाहतीच उभ्या राहिल्या. उंच छताची एक मोठी खोली, तिला उत्तरेकडचा उजेड, आणि बाजूला राहण्यापुरती चिमुकली जागा, असा त्या घरांचा साचा असे. भाडे परवडणारे असल्याने कलाशाळेचे विद्यार्थी, शिल्पकार, कवी असे कितीतरी तरुण इथे येऊन राहिले. यापैकी साकुरागाओका पार्थेनॉन ही सर्वांत मोठी वसाहत, आणि पुढे अणुबाँबच्या संहाराची भव्य चित्रे काढणारे मारुकी इरी आणि तोशी हे जोडपे याच भागात राहत होते. कवी ओगुमा हिदेओ (१९०१–१९४०) यांनी पॅरिसमधल्या मोंपार्नास या कलावंतांच्या वस्तीवरून या सगळ्या गोतावळ्याला इकेबुकुरो मोंपार्नास असे नाव दिले आणि ते टिकले. १९४५ च्या हवाई हल्ल्यांनी इकेबुकुरोचा मोठा भाग जाळला, युद्धानंतर उरलेल्या लाकडी चित्रशाळाही एकेक करून पाडल्या गेल्या, आणि आज कुठे कुठे उरलेली माहितीची पाटी वाचत फिरावे लागते. कुमागाई या वसाहतींचे भाडेकरू नव्हते, पण तरुण चित्रकारांच्या गर्दीने वेढलेल्या भागात ते आधीपासून नाव मिळवलेले वडीलधारे शेजारी होते. फाटकाबाहेर न पडणाऱ्या माणसाकडे फाटकाबाहेरचे जग सतत येत होते. सन्मान नाकारताना दिलेल्या कारणाला त्यामुळे केवळ विनय नव्हे, तर रोजच्या त्रासाचाही आधार होता.

म्हणून संग्रहालय पाहून झाल्यावर लगेच स्थानकाकडे न वळता तासभर या गल्ल्यांतून फिरावे. दारापुढे ओळीने मांडलेल्या कुंड्या, दोन घरांच्या फटीतून वर आलेली वेल, विजेच्या तारांची गुंतवळ, भिंतीवरून चालणारे मांजर, हे टोकियोच्या कुठल्याही जुन्या निवासी भागात दिसते, त्यात इथले असे विशेष काही नाही. परंतु नुकतीच तेहेतीस सेंटिमीटरच्या फळीवरची मुंगी पाहून आलेल्या डोळ्यांचा वेग मंदावलेला असतो, आणि नष्ट झालेल्या बागेची भरपाई जर कुठे होत असेल तर ती याच वेळात होते. चालण्याची तयारी असलेल्यांनी दक्षिणेला मिनामी-नागासाकीपर्यंत जावे. तिथे तेझुका ओसामु आणि त्यांच्यानंतरचे अनेक मांगा (जपानी चित्रकथा) चित्रकार ज्या भाड्याच्या इमारतीत राहिले त्या तोकिवा-सोची हुबेहूब प्रतिकृती २०२० मध्ये संग्रहालय म्हणून उघडली आहे. मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली गेली होती. करकरणारा जिना, सामाइक स्वयंपाकघर आणि जाणूनबुजून मळकट केलेल्या भिंती यांसह सगळे काही तिथे पुन्हा घडवले आहे, आणि मुलांना घेऊन जायचे असेल तर ते ठिकाण चिहायापेक्षा निश्चितच अधिक रंजक आहे. एकाच वॉर्डाने दोन हरवलेल्या घरांना दिलेली ही दोन उत्तरे एका दिवसात पाहता येतात. मला स्वतःला कुमागाई यांच्या जागेचे उत्तर अधिक प्रामाणिक वाटते. मांगाच्या चाहत्यांचे मत वेगळे असेल आणि ते स्वाभाविक आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. संग्रहालय सोमवारी बंद असते; इतर दिवशी सकाळी साडेदहाला उघडते आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होते. तळमजल्यावर कायांच्या नावाचे छोटे उपाहारगृह आहे, जिथे कॉफी घेऊन बसता येते. जेवणाची सोय मात्र इकेबुकुरोलाच करून यावी किंवा परतल्यावर करावी. दालने लहान आहेत आणि घाईने पाहणारा माणूस वीस मिनिटांत बाहेर पडू शकतो. तशा भेटीसाठी पाचशे येन जास्तच आहेत. दरवर्षी मे महिन्याच्या आसपास वर्धापनदिनाचे प्रदर्शन भरते आणि त्यासाठी बाहेरून चित्रे मागवली जातात, म्हणून प्रवासाची तारीख स्वतःच्या हातात असेल तर तो काळ निवडावा. कुमागाई यांची मोठी, प्रसिद्ध चित्रे एकत्र पाहणे हाच हेतू असेल तर गिफू आणि नागोयाचा प्रवास अधिक फलदायी ठरेल. टोकियोत एखादीच मोकळी दुपार असेल आणि भव्य दालनांचा कंटाळा आला असेल, तर मात्र कानामेचोला उतरावे, दुसरा मजला आधी उरकावा आणि उरलेला सगळा वेळ तळमजल्यावरच्या फळ्यांसाठी राखून ठेवावा.